बारा अभ्यासक म्हणजे बारा गुण? ग्रंथपाल आणि अभिलेखपालांचं मूल्यमापन

पत्र : मी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवते. यंदा ज्ञानस्रोत केंद्रातल्या, म्हणजे ग्रंथालयातल्या, लोकांच्या वार्षिक मूल्यमापनासाठी तिघांची समिती नेमली, त्यात माझं नाव आलं. दोन सहायक ग्रंथपाल आहेत. एक सर तांत्रिक विभाग सांभाळतात, दुसऱ्या मॅडम देवघेव आणि ई-नियतकालिकं बघतात. तिसरे अभिलेखपाल. त्यांच्याकडे विद्यापीठाची जुनी कागदपत्रं आणि एका घराण्याने दिलेले मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले मोडी कागदांचे गठ्ठे, आहेत. आस्थापना विभागाने तिघांसाठी एकच कागद पाठवलाय : वाचकसंख्या, देवघेव, कार्यक्रम, एकूण १०० गुण. अभिलेखपालांनी वाचकसंख्येपुढे '१२' लिहिलंय. पुस्तकांची देवघेव गेल्या वर्षीपेक्षा एक तृतीयांशाने घटली आहे. एक सदस्य म्हणतात, आकडे बोलतात, आपण फक्त गुण मांडायचे. मला ते पटत नाही, पण मग काय तपासायचं तेही कळत नाही. दोन्ही सहायक ग्रंथपालांच्या कॅसच्या (करिअर ॲडव्हान्समेंट स्कीम, म्हणजे बढतीच्या योजनेच्या) फायली पुढच्या वर्षी निघणार आहेत.

उत्तर :

नमस्कार मॅडम,

आकडे बोलतात, पण हे तिन्ही आकडे इमारतीबद्दल बोलतात. वाचकसंख्याच घ्या. गेटवरचं यंत्र आत येणारी डोकी मोजतं. त्यातली कितीतरी डोकी स्पर्धा परीक्षेवाल्या मुलांची असतात. स्वतःची पुस्तकं आणि पाण्याची बाटली घेऊन सकाळीच जागा धरायची, रात्री दिवे मालवताना उठायचं, मधे ग्रंथालयाचं एकही पुस्तक उघडायचं नाही. एमपीएससीची जाहिरात निघाली की ही संख्या फुगते, परीक्षा आटोपली की ओसरते. यात सहायक ग्रंथपालांचं ना कर्तृत्व, ना कसूर. मूल्यमापन करायचं तर त्या माणसाच्या हातात काय होतं ते आधी वेगळं काढा आणि मग कपाटापाशी जाऊन तपासा. टेबलावर बसून हे काम होत नाही.

सुरुवात कॅसपासून करू, कारण तिथे चूक झाली तर माणसाची बढती अडकते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १८ जुलै २०१८ च्या नियमावलीत, परिशिष्ट २ च्या तक्ता ४ मध्ये ग्रंथपालांच्या मूल्यमापनाचे निकष दिलेले आहेत. तिथे १०० पैकी गुण हा प्रकारच नाही. 'चांगले', 'समाधानकारक', 'असमाधानकारक' या तीनच श्रेण्या. तेव्हा आस्थापनेचा कागद अंतर्गत कामासाठी ठेवा हवा तर, पण त्यातले गुण कॅसच्या फायलीत चिकटवू नका.

तक्त्यात पाच बाबी आहेत. पहिली हजेरी : ९० टक्के किंवा जास्त असेल तर चांगले, ८० ते ९० च्या दरम्यान समाधानकारक. दुसरी चर्चासत्रं आणि कार्यशाळा. तिसरी, पुस्तकं संगणकीय नोंदीत किती आली : १०० टक्के चांगले, किमान ९९ टक्के समाधानकारक. (संगणकीय नोंद नसलेल्या ग्रंथालयासाठी तालिका अद्ययावत आहे का ते बघतात, तिथे १०० आणि ९० टक्के.) चौथी ग्रंथपडताळणी, म्हणजे साठा नोंदीशी ताडून मोजणं : पडताळणी केली आणि गहाळ पुस्तकं ०.५ टक्क्याच्या आत असतील तर चांगले, १ टक्क्याच्या आत समाधानकारक, आणि पडताळणीच केली नाही तर सरळ असमाधानकारक. पाचवीत किरकोळ बऱ्याच गोष्टी आहेत : ग्रंथालय नेटवर्क, वाचकांसाठी छोटे अभ्यासक्रम, प्रवेश-परीक्षेच्या कामातली मदत, एखादा शोधनिबंध. त्यातल्या दोन केल्या तर चांगले, एक केली तर समाधानकारक.

खरी मेख एकत्रित श्रेणीत आहे. 'चांगले' मिळायला पहिल्या बाबीत चांगले लागतं आणि शिवाय आणखी दोन बाबींत किमान समाधानकारक लागतं. त्या दोनांत चौथी बाब असलीच पाहिजे. 'समाधानकारक'लाही चौथी सुटत नाही. म्हणजे माणूस रोज वेळेवर आला, दोन राष्ट्रीय चर्चासत्रं गाजवली, सगळी पुस्तकं संगणकावर चढवली, पण पडताळणी झाली नाही, तर ते वर्ष गेलं. वेतनाच्या लेव्हल १० वरून ११ ला जाताना पीएच.डी. असेल तर ४ वर्षांपैकी ३, एम.फिल. असेल तर ५ पैकी ४, दोन्ही नसतील तर ६ पैकी ५ वर्षांच्या अहवालांत समाधानकारक किंवा चांगले लागतं. एकच वर्ष हुकलेलं चालतं.

आणि पडताळणी बहुतेक वेळा ग्रंथपालाच्या आळसामुळे राहत नाही. त्यासाठी देवघेव काही दिवस बंद ठेवावी लागते, हाताखाली चार-सहा माणसं लागतात, आणि दोन्हीची परवानगी वरून यावी लागते. म्हणून पहिल्या दिवशी आवक-जावक नोंदवही मागवा. पडताळणीच्या तारखा मागणारं पत्र गेलं होतं का? उत्तर आलं का? पत्र असेल आणि उत्तर नसेल, तर ते अहवालात तसंच लिहा. श्रेणी त्याने बदलत नाही, हे कटू आहे. म्हणूनच वर्ष संपायला अवधी असेल तर मूल्यमापन बाजूला ठेवून समितीनेच कुलसचिवांकडून तारखा मिळवून द्याव्यात.

आता टक्केवारी. इथे सगळ्यात जास्त अन्याय होतो, तोही नुसत्या घाईमुळे. समजा ६२,४०० ग्रंथांची पडताळणी झाली आणि पहिल्या फेरीत १,१३० पुस्तकं स्कॅन झाली नाहीत. हे १.८१ टक्के. कुणीतरी तोच आकडा उचलतं आणि 'असमाधानकारक' लिहून मोकळं होतं. पण 'सापडलं नाही' आणि 'गहाळ' यांत फरक आहे. दुसऱ्या फेरीत ४३० चुकीच्या कपाटात निघाली. २१० बांधणीवाल्याकडे होती, पावती आहे. १६० विभागांकडे दीर्घ मुदतीवर दिलेली होती, रजिस्टरला सही आहे, पण संगणकावर 'उपलब्ध' दिसत होती. ९० पुस्तकांच्या निर्लेखनाचा, म्हणजे साठ्यातून कमी करण्याचा, ठराव पूर्वीच झाला होता, नोंद तेवढी काढायची राहिली. उरली २४०. पाया ९० ने कमी करून ६२,३१० धरा. गहाळ ०.३९ टक्के. श्रेणी चांगले.

ही पाच ढिगांची वाटणी लेखी मागा आणि प्रत्येक ढिगातून दहा-दहा पुस्तकं स्वतः ताडून बघा. बांधणीची पावती तीन वर्षांपूर्वीची निघाली तर ते पुस्तक गहाळच समजायचं. विभागाकडच्या पुस्तकांतली निम्मी निवृत्त प्राध्यापकांच्या घरी असतील तर तो आपल्या, म्हणजे शिक्षकांच्या, जमातीचा दोष आहे. ग्रंथपालाने स्मरणपत्रं पाठवली होती का एवढंच पाहा. याउलट ४३० पुस्तकं चुकीच्या कपाटात सापडणं गहाळात धरलं जात नाही, पण ते रचनेचं काम ढिलं असल्याचं लक्षण आहे. शेऱ्यात ते आलं पाहिजे.

आणखी एक घोळ. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम २१५ अनेक जण पुढे करतात. त्यात वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा वाचायला दिलेल्या दर १,००० ग्रंथांमागे ५ ची हानी वाजवी मानली आहे, मात्र अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तरच. आणि १,००० रुपयांपेक्षा महाग किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर प्रत्येकाची चौकशी करायचीच. हेही दिसायला ०.५ टक्केच, पण ते वापराच्या संख्येवर आहे. तक्ता ४ गहाळ पुस्तकांबद्दल बोलतो, पाया काय ते उलगडून सांगत नाही. पडताळलेला साठा हा पाया धरणं सरळ. दोन्हींची सरमिसळ नको, आणि कोणता पाया धरला ते टक्केवारीशेजारीच लिहा. त्याच नियमात २०,००० पर्यंतच्या ग्रंथालयात दरवर्षी, ५०,००० पर्यंत तीन वर्षांतून एकदा पूर्ण पडताळणी, आणि त्यापुढे तीन वर्षांच्या आत नमुना पडताळणी सांगितली आहे. मोठ्या ग्रंथालयात दरवर्षी सगळं मोजणं जमत नाही, तेव्हा यंदा कोणते विभाग मोजायचे याचा ठराव ग्रंथालय समितीकडून वर्षारंभी घेऊन ठेवायला सांगा.

तांत्रिक विभागाच्या सरांसाठी एक सकाळ राखून ठेवा. '९९ टक्के नोंदणी झाली' हा दावा तपासायला कपाटातून ३०० पुस्तकं उचलायची आणि ती ओपॅकमध्ये, म्हणजे वाचकांना शोधता येणाऱ्या संगणकीय सूचीत, आहेत का बघायचं. १०० पुरत नाहीत. १०० पैकी एकही नोंद हुकलेली नसली, तरी मुळात शेकडा ३ हुकलेल्या असू शकतात; ३०० पैकी शून्य हुकल्या, तर मात्र एका टक्क्यापेक्षा जास्त नाहीत असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. प्रयोगशाळेत नमुना घेण्याची शिस्त तुम्हाला सांगायला नको. पुस्तकं कोणती घ्यायची हे मात्र ग्रंथपालांनी ठरवायचं नाही. रॅकच्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या टाका. चिठ्ठी निघेल त्या रॅकच्या तिसऱ्या फळीवरचं डावीकडून सातवं पुस्तक, असा काहीतरी आंधळा नियम करा.

मग उलट दिशेने : संगणकातून १०० दाखल क्रमांक (पुस्तक साठ्यात घेताना दिलेला क्रमांक) सोडत पद्धतीने काढा आणि कपाटात जाऊन शोधा. ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर कोहा असेल तर अहवाल विभागातून अशी यादी मिनिटभरात निघते. सोल किंवा ई-ग्रंथालय असेल तर एक्सेलमध्ये क्रमांक पाडा. पुस्तक जागेवर आहे का, पाठीवरची चिठ्ठी आणि नोंदीतला वर्गांक जुळतो का, बारकोड वाचला जातो का.

याच फेरीत मराठी पुस्तकांकडे मुद्दाम वळा, कारण कामाचा कस तिथे लागतो. ओपॅकमध्ये एखादं जुनं मराठी पुस्तक दाखल क्रमांकाने उघडा. युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टंकलेली नोंद असेल तर शीर्षकाच्या जागी रोमन अक्षरांची आणि टिंबांची गिचमिड दिसेल. नोंद 'आहे', मोजणीत धरली जाते, पण कोणताही वाचक ती शोधून काढू शकत नाही. दुसरी खोड आणखी बारीक. 'दुसऱ्या' हा शब्द दोन पद्धतींनी टंकता येतो : टिंब असलेल्या ऱ ने, किंवा साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. शीर्षकात असा शब्द असलेली पाच पुस्तकं दोन्ही पद्धतींनी टंकून शोधा. मग 'अत्रे', 'अत्रे, प्र. के.' आणि रोमनमधलं 'अत्रे' अशी एकाच लेखकाची पुस्तकं तीन ठिकाणी विखुरली आहेत का ते बघा. ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी वर्षभर खाली मान घालून काम केलेलं असतं आणि ते आस्थापनेच्या कागदावर कुठेच दिसत नाही.

देवघेव घटली म्हणून त्या मॅडमचे गुण कापण्याआधी वाचन कुठे सरकलं ते पाहा. १ जानेवारी २०२५ पासून 'एक देश, एक सदस्यता' योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० ई-नियतकालिकं सरकारी संस्थांना इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्रामार्फत खुली झाली. त्यामुळे डाउनलोड वाढले तर त्याचंही श्रेय आंधळेपणाने द्यायचं कारण नाही. त्यांच्या हातात काय होतं? विद्यापीठाचे आयपी पत्ते वेळेवर नोंदवणं, घरून लॉगिन चालू ठेवणं, तुटलेले दुवे दुरुस्त करणं, विभागांना कळवणं. तपासणी सोपी आहे. यादीतली २० नियतकालिकं निवडा, मोबाइलचं वायफाय बंद करून स्वतःच्या डेटावर, कॅम्पसबाहेरून, विद्यार्थ्याच्या लॉगिनने प्रत्येकाचा एक ताजा लेख उघडा. किती उघडले? कुठे अडलं? प्रकाशकांकडून येणारे काउंटर अहवालही मागा. (नाव काउंटर, पण गेटवरचा नव्हे, ई-वापर मोजायचं ते आंतरराष्ट्रीय मानक आहे.) त्यात पूर्ण लेखाच्या मागण्यांबरोबरच परवाना नसल्यामुळे परत गेलेल्या मागण्यांची नोंद असते. त्या यादीवरून मॅडमनी खरेदीची शिफारस केली असेल, तर ते चांगल्या ग्रंथपालाचं काम.

अभिलेखपालांकडे येऊ. तक्ता ४ ग्रंथपाल, उपग्रंथपाल, सहायक ग्रंथपाल आणि महाविद्यालयीन ग्रंथपालांसाठी आहे. अभिलेखपाल त्यात नाहीत. त्यांना त्या चौकटीत कोंबलंत तर बिचाऱ्यांचं दरवर्षी वाटोळं होणार. त्यांच्यासाठी वेगळी पुरवणी करा.

त्या '१२' चं आधी बघू. बारा जण आले, पण किती दिवस बसले? पीएच.डी. करणारा एक अभ्यासक चाळीस दिवस बसतो आणि रोज तीन रुमाल उघडायला लावतो. म्हणून अभ्यासकांपुढे वाचनदिवस, काढून दिलेले रुमाल किंवा फायली, आणि ईमेलवर दिलेली उत्तरं अशा आणखी तीन ओळी हव्यात. तरीही हे गौणच. अभिलेखपालाचं बहुतेक काम अभ्यासक यायच्या आधीचं असतं : संग्रह ताब्यात घेताना देणगीपत्र करणं, कागद सुरक्षित करणं, क्रम लावणं, सूची करणं. ते मोजायचं एकक म्हणजे फळीची लांबी. वर्षारंभी सूची नसलेले किती मीटर होते, वर्षात किती नवे आले, अखेरीस किती उरले. हे तीन आकडे आणि सूची कोणत्या थराची आहे, संग्रहाची, फायलीची की कागदागणिक, एवढं कळलं की कामाचा अंदाज येतो.

वेगाचे परदेशी दाखले मात्र जपून वापरा. २००५ मध्ये दोन अमेरिकी अभिलेखपालांनी, विसाव्या शतकातल्या मोठ्या संग्रहांना घनफुटामागे सरासरी ४ तास पुरावेत, असं मांडलं. विद्यापीठाच्या टंकलिखित फायलींना हा विचार लावून बघता येईल. मोडी रुमालांना नाही. रुमाल सोडला की आत घडी घातलेले कागद, काही कसरीने चाळण झालेले, शब्द न तोडता सलग लिहिलेली ओळ. नुसती तारीख लावायची तरी पाहा. कागदावर 'इहिदे सितैन मया व अलफ' असं अक्षरी साल असतं : एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे सुहूर सन, या जुन्या कागदांतल्या कालगणनेचं, ११६१. इसवी सन काढायला त्यात ६०० मिळवायचे की ५९९, हे कागद वर्षातल्या कोणत्या भागातला त्यावर ठरतं, कारण हे साल मृगाला बदलतं. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा असेल तर ५९९, म्हणजे १७६०; जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा असेल तर ६००, म्हणजे १७६१. महिना मुसलमानी, तो पुन्हा वेगळा जुळवायचा. एका कागदाच्या एका रकान्यासाठी ही खटपट. तेव्हा रोजचे कागद किती, हा आकडा मागच्या वर्षीच्या त्यांच्याच आकड्याशी ताडा, दुसऱ्या कुणाच्या नव्हे.

तपासणीला जाल तेव्हा सूचीतले पाच क्रमांक तिथल्या तिथे निवडा आणि काढून मागा. घड्याळ लावा. कागद आला का, वर्णनाशी जुळतो का, आणि ज्या जागेवरून काढला तिथे 'बाहेर आहे' अशी चिठ्ठी ठेवली का. या चिठ्ठीवरून शिस्त कळते. मग एक पेटी स्वतः उघडा : गंजणाऱ्या टाचण्या, रबर, चिकटपट्टी आत आहे का? प्लॅस्टिक लॅमिनेशन केलेला कागद दिसला तर कधी केला ते विचारा. पूर्वीच्या काळातला असेल तर यांचा दोष नाही. तापमान आणि आर्द्रतेची वही चाळा. भर पावसाळ्यात रोज '२४ अंश, ५० टक्के' अशी एकसारखी नोंद असेल तर ती यंत्र न बघता लिहिलेली आहे. खरी वही चढउताराची असते, आणि चांगल्या वहीत आर्द्रता वाढल्यावर काय केलं तेही लिहिलेलं असतं.

स्कॅनिंगच्या आकड्याला भुलू नका. '२०,००० पानं स्कॅन' हे कार्यक्रमात शोभतं. त्यातल्या ५० फायली उघडा. नाव 'आयएमजी ०००१' असंच असेल आणि कोणत्या रुमालातलं पान ते कुठे लिहिलेलं नसेल, तर ते काम पुन्हा करावं लागणार. 'बॅकअप आहे' असं म्हणतील. मग दुसऱ्या प्रतीतून एक फाइल परत आणून दाखवा म्हणा. तीन-चारदा प्रयत्न करूनही येत नसेल तर बॅकअप नाही असं समजा. आणि एखाद्या अभ्यासकाला कागद नाकारल्याची तक्रार असेल तर देणगीपत्र वाचा. अट असेल तर नाकारणं हेच त्यांचं कर्तव्य होतं.

शेरा लिहिताना 'काम समाधानकारक, स्वभाव मनमिळाऊ' एवढ्यावर भागवू नका. असं लिहा : 'वर्षारंभी नोंदणी न झालेली ६४० पुस्तकं, वर्षात १,१५० आली, अखेरीस २१० शिल्लक, म्हणजे १,५८० हातावेगळी. जुन्या फॉन्टमधल्या नोंदी बदलण्याचं काम सुरू नाही. त्यासाठी मागितलेली दोन माणसं मिळालेली नाहीत.' माणूस, काम आणि अडथळा, तिन्ही दिसतात. वाचकांच्या तक्रारीही नोंदवहीतल्याच घ्या. तक्ता ४ च्या टिपेत तक्रारी आणि त्यांच्या निवारणाचा तपशील समितीपुढे ठेवता येतो असं म्हटलंय, कॅन्टीनमधल्या कुजबुजीबद्दल नाही.

श्रेणी कोणतीही असो, ती लेखी कळवा आणि उत्तराला मुदत द्या. देव दत्त खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक सेवेतल्या कर्मचाऱ्याला गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद कळवली पाहिजे असं म्हटलं. तिथे वादाची नोंद वाईट नव्हतीच, 'चांगला' अशी होती, आणि बढतीला 'खूप चांगला' लागत होता.

यंदाच्या कागदाचं म्हणाल तर अभिलेखपालांचा '१२' खोडू नका, गुणांचा रकाना रिकामा ठेवून 'पुरवणी पाहावी' असं लिहा आणि वर सांगितलेले आकडे दोन पानांत जोडा. आस्थापना विभाग कुरकुर करेल, पण स्वीकारेल. कपाट-तपासणीचा दिवस आधी कळवायला हरकत नाही, त्यांना माणसं नेमावी लागतात. चिठ्ठ्या आणि दाखल क्रमांक मात्र त्याच सकाळी, तिघांच्या समोर काढा.